वरच्या मजल्याचं ऑडिट

गणपती गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी जेवताना वर्षालीने घरात जाहीर केलं, की येत्या शनिवारी आपल्याकडे मिनल येणार आहे, वरच्या मजल्यावर एक रात्र राहणार आहे, आणि तिच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत.

"कोन मिनल?" सासूबाईंनी, म्हणजे सुभद्राबाईंनी, भाकरी थापता थापता विचारलं. "कुनाची?"

मिनल कुणाची नव्हती. ती ताथवड्यात राहायची, गावोगाव फिरायची आणि फिरलेलं मोबाइलवर दाखवायची. तिच्या मागे चाळीस हजार माणसं होती. एवढी माणसं मागे असून पोरगी एकटी कशी फिरते, हे सुभद्राबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही.

आता महाळुंग्यात सुट्टी घालवायला कोण येतं, असं तुम्ही विचाराल, आणि तुमचं चुकत नाही. घराच्या तिन्ही बाजूंना कंपन्यांच्या शेड आहेत. पण गच्चीवर जाऊन शेडकडे पाठ फिरवून उभं राहिलं, की समोर भामचंद्राचा डोंगर दिसतो, हिरवागार, अगदी हात लावावा असा. वर्षालीचा सगळा धंदा त्या पाठ फिरवण्यावर उभा होता.

ती आधी एका कंपनीत रिसेप्शनला होती. कंपनीने गाशा गुंडाळला आणि वर्षाली घरी बसली. घरी बसलेल्या सुनेचं काय होतं, ते सांगायला नको. "तू रिकामीच आहेस ना" हे वाक्य दिवसातून चार वेळा कानावर पडायला लागलं. तेव्हा तिने रिकामा पडलेला वरचा मजला मागून घेतला. स्वतः रंग दिला, वेताचा झोपाळा टांगला, दिव्यांच्या माळा सोडल्या, उशांना घरीच अभ्रे शिवले, आणि एक-दोन दिवसांसाठी जागा मिळेल असं मोबाइलवर टाकलं. चार महिन्यांत दोन गिऱ्हाइकं आली. एक मशिनचे पट्टे विकणारा होता, तो झोपाळ्यावर बसून फोनवरच बोलत राहिला. दुसरं नवीन लग्न झालेलं जोडपं होतं. त्यांनी पाठ फिरवायच्या आधीच शेड बघितल्या आणि ते निघून गेले.

इकडे लक्ष्मणराव लेबर कॉन्ट्रॅक्टर दर रविवारी टेप घेऊन यायचे आणि वरती बारा खाटा कशा बसतात ते मोजून जायचे. शेवटी वर्षालीच्या नवऱ्याने, धनेशने, तोडगा काढला. दसऱ्यापर्यंत गिऱ्हाइकं आली तर ठीक, नाहीतर मजला लक्ष्मणरावांना. धनेश काही वाईट माणूस नव्हता, तीन पाळ्यांत दमलेला होता एवढंच. वर्षाली बरं म्हणाली. पण त्या दोन मजली घरात तिचं म्हणावं असं जे काही होतं ते वरचं होतं, आणि ते गेलं तर आपण पुन्हा रिकाम्या होऊ, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून मिनल. ती येणार, सगळं बघणार, आणि जागा कशी आहे ते चाळीस हजार लोकांना सांगणार.

सासरे अर्जुनराव हे सगळं ऐकत जेवत होते. एकोणतीस वर्षं त्यांनी एका कंपनीच्या क्वालिटी खात्यात काढली होती आणि निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी खातं त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. त्यांनी हात धुतला, पुसला आणि म्हणाले, "म्हंजे ऑडिट हाय."

"तसंच समजा मामा," वर्षाली म्हणाली. तिला ताटं उचलायची घाई होती. ती हे बोलली आणि फसली.

शुक्रवारी तिला माण गावी चुलतबहिणीच्या डोहाळजेवणाला जाणं भागच होतं. शनिवारी दहाला परत येते, मिनल बाराला येईल, असा तिचा हिशेब होता. निघताना तिने मिनललाही कळवून ठेवलं, की मला उशीर झालाच तर आमचे मामा, म्हणजे सासरे, सांगतील तसं करा.

ती गल्लीच्या तोंडाशी पोचली नसेल तेवढ्यात अर्जुनरावांनी वर जाऊन कंबर कसली. कंपनीत ऑडिटच्या आधी पहिलं काम एकच, जे कामाचं नाही ते हलवायचं. झोपाळा कामाचा नव्हता. माळा कामाच्या नव्हत्या. एका पलंगाला सहा उशा कुठल्या शास्त्रात बसतात, असं त्यांनी सुभद्राबाईंना विचारलं, आणि सगळं लाल चिठ्ठ्या लावून माळ्यावर टाकलं. मग गच्चीवर पिवळ्या रंगाने पट्टे मारले, म्हणजे माणसाने कुठून चालायचं ते कळावं. स्वयंपाकाच्या ओट्यामागे चमचे, झारा, उलथनं यांच्या आकृत्या काढून ज्याची त्याची जागा ठरवली. मिक्सरवर चिठ्ठी आली, 'चालवणार वर्षाली, बंद पडल्यास धनेश'. जिन्याखाली वाळूच्या दोन बादल्या आल्या आणि अंगणातल्या शेवग्याला 'आग लागल्यास इथे जमावे' अशी पाटी आली. संध्याकाळी ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि समाधानाने म्हणाले, की आता जपानी माणूस आला तरी बोट ठेवायला जागा न्हाई.

सुभद्राबाईंनाही तालीम दिली. ऑडिटर विचारेल तेवढंच सांगायचं. आपणहून एक अक्षर बोलायचं नाही. आपणहून बोलणाऱ्यानेच कंपनी बुडवलेली असते.

शनिवारी वर्षाली सकाळी आठलाच माणहून निघाली आणि बाराला तळेगाव-चाकण रस्त्यावर ट्रेलरच्या रांगेत उभी होती. मोबाइलचं चार्जिंग संपलं होतं. त्या रस्त्यावर अडकलेल्या माणसाबद्दल जास्त बोलण्यासारखं काही नसतं.

मिनल मात्र वेळेवर आली. पाठीवर बॅग, हातात दोन मोबाइल, गळ्यात कॅमेरा, खांद्यावर दिव्याचं गोल कडं. डोळे चुरचुरत होते, कारण चार दिवसांत तिची ही तिसरी जागा होती. फाटकाशी इस्त्रीचा शर्ट घातलेले अर्जुनराव टेबल टाकून बसले होते. त्यांनी उठून नमस्कार केला, वही पुढे केली, नाव, गाव, येण्याचं कारण लिहून घेतलं. मग शर्टाच्या खिशातून लाल गोल स्टिकरांची पट्टी काढली आणि दोन्ही मोबाइलच्या कॅमेऱ्यांवर, पुढून आणि मागून, एकेक स्टिकर अंगठ्याने दाबून चिकटवला.

चाकणच्या पट्ट्यातल्या कुठल्याही मोठ्या कंपनीच्या फाटकावर हेच होतं. आत फोटो काढायचे नाहीत, मग तो कुणी का असेना. मोठा कॅमेरा लोखंडी कपाटात गेला आणि किल्ली सुभद्राबाईंच्या कमरेला.

"काका, पण मी शूट कशी करणार?" मिनलने विचारलं.

"ते आत न्हाई चालत, मॅडम. नियम सगळ्यांना सारखा," अर्जुनराव नम्रपणे म्हणाले.

मिनलने वर्षालीला फोन लावला, तो बंद लागला. मामा सांगतील तसं करा, हा निरोप तर तिच्याकडे लेखीच होता. ती वहीत सही करून आत गेली. अर्जुनराव मागून दोन पावलं अंतर ठेवून, कारण ऑडिटरला एकटं सोडायचं नसतं. ती गच्चीवर गेली, हे गेले. ती न्हाणीघरात गेली, हे दारापाशी आकाशाकडे बघत उभे राहिले. खाली येऊन तिने सुभद्राबाईंकडे मोर्चा वळवला.

"काकू, या जागेबद्दल काही सांगा ना."

"इचारा."

"काय विचारू?"

"ते तुमी ठरवायचं."

"बरं, तुम्हाला इथलं सगळ्यात जास्त काय आवडतं?"

सुभद्राबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. हा प्रश्न तालमीत नव्हता. लग्नाला सदतीस वर्षं झाली, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी तव्याखालचा गॅस पेटवला आणि म्हणाल्या, की आधी जेवून घ्या.

जेवणाला मात्र अर्जुनरावांचे नियम लागू नव्हते, तिथे सुभद्राबाईंचं राज्य होतं. पिठलं, भाकरी, शेवग्याच्या शेंगांची आमटी, ठेचा. एरवी मिनलचं ताट आधी मोबाइल जेवायचा, सगळ्या बाजूंनी, आणि मग गार झालेलं हिला मिळायचं. आज तव्यावरची भाकरी सरळ तोंडात गेली. ती अडीच भाकऱ्या जेवली, पाच मिनिटं पडते म्हणून वर गेली आणि गाढ झोपली.

आता आली का पंचाईत. एकोणतीस वर्षांत अर्जुनरावांनी चिडलेला ऑडिटर पाहिला होता, जेवणावर खूश होणारा पाहिला होता, पण झोपलेला पाहिला नव्हता. उठवावं तर उद्धटपणा, सोडून जावं तर नियम मोडतो. शेवटी ते दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. कावळे हाकलले. खाली मिक्सर लावू दिला नाही. शेजारच्या घरी जाऊन, आमची पावणी झोपलीय म्हणून स्पीकर बंद करून आले. कुणाची तरी लेक दमून आलीय, हे एव्हाना त्यांनाही दिसलं होतं.

वर्षाली पोचली तेव्हा साडेपाच वाजले होते. तिने फाटकावरचं टेबल पाहिलं, शेवग्यावरची पाटी पाहिली, जिना चढून पिवळे पट्टे पाहिले. झोपाळ्याच्या जागी नुसता आकडा होता. अर्जुनरावांनी ओठांवर बोट ठेवून तिला गप्प केलं आणि कुजबुजत सगळा अहवाल दिला, अगदी स्टिकरांसकट. तो संपेपर्यंत ऊन गच्चीवरून उतरलं होतं, आणि उद्या पहाटेच मिनल पुढच्या जागी निघणार होती. वर्षाली पायरीवर बसली आणि रडायला लागली.

"मामा, तिला फोटोच काढायचे होते," ती म्हणाली. "तेवढ्यासाठीच बोलावली होती."

अर्जुनरावांनी स्टिकरांची पट्टी खिशात आत ढकलली. सुभद्राबाई खालून पाणी घेऊन आल्या. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, हे माणसाच्या तोंडावर दिसतं. अर्जुनरावांच्या तोंडावर ते इतकं स्पष्ट दिसत होतं, की वर्षालीला रडताना त्यांचीच दया आली.

मिनल डोळे चोळत बाहेर आली तेव्हा तिघं तशीच बसलेली होती. अर्जुनराव उठून तिच्यासमोर उभे राहिले.

"मॅडम, चूक माजी हाय. हिच्या नावावर लिहू नका," ते म्हणाले. "हितला रंग हिनं येकटीनं दिला. मे महिन्याच्या उनात. आमी कुनी ब्रशला हात लावला न्हाई. झोपाळा हिनं निवडला, अभ्रे हिनं शिवले, मी ते माळ्यावर टाकलं. मला वाटलं, हिचं काम व्हावं. नापास करायचं तर मला करा. पोरगी पास हाय."

लग्नाच्या आठ वर्षांत सासऱ्याने आपल्याबद्दल एवढं बोललेलं वर्षालीने पहिल्यांदा ऐकलं. तिचं रडू थांबायच्या ऐवजी वाढलं, पण ते आता वेगळं होतं.

मिनल खुर्चीवर बसली. तिने खुर्ची डोंगराकडे वळवली. मग म्हणाली, की या जागेबद्दल मी कुठेच काही टाकणार नाही. सुभद्राबाईंनी तांब्या खाली ठेवला.

"ताई, रागावू नका," मिनल वर्षालीला म्हणाली. "या महिन्यात मी अकरा जागी राहिले. झोप फक्त इथे लागली. चाळीस हजार लोकांना सांगितलं, तर मला परत ही जागा मिळेल का?" आणि तिने तिथेच पुढच्या गुरुवार ते शनिवार मुक्काम मागून घेतला, रीतसर पैसे देऊन, सोबत आईला घेऊन. आईशी दोन वर्षांत ती मोबाइल बाजूला ठेवून बोलली नव्हती. स्टिकर मात्र काकांनीच लावायचे, ही तिची अट होती.

ती आली, आई आली. मग तिने फक्त एकीला सांगितलं, ऋताला. ऋता खाण्याचे व्हिडिओ करायची आणि खाऊन खाऊन कंटाळली होती. ऋताने शपथ घालून स्वानंदला सांगितलं, तो किल्ले चढताना बोलायचा आणि त्याचा घसा बसला होता. अशी जगाला ओरडून सगळं सांगणारी माणसं एकेक करून महाळुंग्याला यायला लागली आणि जाताना कुणाला सांगू नका म्हणून वर्षालीलाच बजावायला लागली. कुठेही एक फोटो नाही, एक ओळ नाही, आणि दसऱ्यापर्यंत मजला भरला. लक्ष्मणरावांनी त्यांच्या खाटा शेजारच्या निघोज्यात लावल्या. धनेशने एका पहाटे पाळीवरून येताना स्वतःहून वरच्या नळाचा वायसर बदलला, म्हणजे त्याचं मत कळलं.

खंडेनवमीच्या दिवशी एका पाहुण्याचं येणं रद्द झालं. दुपारी वर्षाली वरून धुवायच्या चादरी घेऊन उतरत होती, तर जिन्याच्या तळाशी सुभद्राबाई उभ्या. धुतलेलं नऊवारी लुगडं नेसलेल्या, हातात कापडी पिशवी. पिशवीतून फणी आणि गोळ्यांचा डबा डोकावत होता.

"आज वर कुनी न्हाई न्हवं?" त्यांनी विचारलं. "मग येका दिसासाठी मला मिळंल का?"

"अहो आत्या, घर तुमचं आहे. विचारताय काय?"

"घर माजं हाय," सुभद्राबाई म्हणाल्या. "वरचं तुजं हाय. इचारल्याबिगर कसं जायाचं?"

वर्षालीने चादरी तिथेच कठड्यावर ठेवल्या, सासूच्या हातातली पिशवी घेतली आणि पाहुण्यांच्या पुढे चालते तशी जिना चढायला लागली. मागून सुभद्राबाईंनी सांगून ठेवलं, की सकाळचा चहा साडेसातला लागतो, आणि तो वर आणून द्यावा लागेल.