अकरा ते चाळीस

एकदिवसीय क्रिकेटचे भवितव्य ठरवण्यासाठी नेमलेल्या समितीची सातवी बैठक वेळेवर सुरू झाली. मागील सभेचा वृत्तांत नेहमीप्रमाणे ‘वाचला असे समजून’ कायम करण्यात आला आणि तिथेच सचिवांच्या डोक्यात प्रकाश पडला.

“साहेब, लोक पहिली दहा षटकं बघतात, शेवटची दहा बघतात. अकरा ते चाळीस कुणीच बघत नाही. ती खेळली असं समजलं तर?”

अध्यक्षांनी तोंडाशी नेलेलं बिस्कीट परत बशीत ठेवलं. इतका गंभीर प्रसंग त्यांच्या कारकिर्दीत पूर्वी आला नव्हता. ठराव एकमताने मंजूर झाला.

आता आमच्या गल्लीतला पाचव्या क्रमांकाचा फलंदाज नेमका पुढच्याच सामन्यात पहिल्यांदा देशाकडून खेळणार होता. वय चौतीस, नऊ वर्षं वाट पाहिलेली. “ही एकच संधी,” असं निवडप्रमुखांनी बजावलेलं. सामन्याच्या दिवशी त्याला लहानाचा मोठा करणारी मावशी पहिल्या रांगेत बसली होती.

दहावं षटक संपलं तेव्हा दोनच गडी बाद होते आणि आमचा गडी पॅड बांधून तयार होता. तेवढ्यात एक अधिकारी मैदानात आले, त्यांनी कागदावर शिक्का मारला आणि फलकावर एकदम चाळिसावं षटक झळकलं. पाचव्या क्रमांकासमोर लिहिलं होतं : धावा एकतीस, चेंडू सत्तर, धावबाद.

“अहो, मी पायरीसुद्धा उतरलो नाही!”

“नियमानुसार उतरलात. सरासरी काढलीय. आणि धावबादमध्ये चूक तुमचीच होती.”

“कोण म्हणतं?”

“तुमच्या जोडीदाराचा लेखी जबाब आहे.”

“माझं म्हणणं तरी ऐकून घ्या!”

“ऐकलं असं समजा,” म्हणून अधिकारी निघून गेले.

चौथ्या दिवशी पत्र आलं : संथ फलंदाजीमुळे आपणास वगळण्यात येत आहे. गडी तडक निवडप्रमुखांकडे गेला आणि टेबलावर बॅट आपटून म्हणाला, “यावर चेंडूचा एक तरी वण दाखवा!”

त्यांनी चष्मा लावून बॅट दोन्ही बाजूंनी न्याहाळली.

“सत्तर चेंडूंत एकही लागला नाही? मग तर वगळलं ते योग्यच झालं.”

घरी आला तर मावशी म्हणाली, “किती रे रखडत खेळलास!”

“मावशी, तू तिथंच होतीस ना?”

“होते रे बाळा. पण अख्खं स्टेडियम तुझ्या नावानं खडे फोडत होतं. एवढ्या सगळ्यांना मी एकटीनं खोटं कसं पाडू?”

तुम्ही मावशीला हसू नका. त्या आठवड्यात केस कापून घेताना, “बरं झालं काढलं त्याला, फारच रटाळ खेळला, मी पूर्ण बघितली ना मॅच,” असं न्हाव्याला छातीठोकपणे कोण सांगत होतं? मी शेजारच्याच खुर्चीत होतो. तुमचं ऐकून इतक्या जोरात मान डोलावली, की माझा कान थोडक्यात वाचला.