बारा गुंठ्यांसाठी रूळ

योग्य अवजार निवडल्याशिवाय शेती होत नाही आणि योग्य निवडीला वेळ लागतो, हे सर्वमान्य आहे. फक्त पिकाला ते कोणी कळवलेले नसते.

इंदिरानगरात एका कंपनीत मॅनेजर असलेल्या शंतनुने शहराबाहेर के. आर. पुरमच्या पलीकडे बारा गुंठे घेतले आणि एका रविवारी स्वतःच्या हाताने नाचणी पेरली. संक्रांतीला घरच्या नाचणीची भाकरी खायला घालीन, असे त्याने पुण्यातल्या आईला कबूल केले होते. (आईने ते सोसायटीभर सांगूनही टाकले होते.)

शेजारच्या शेतातले आप्पाजी मूळचे निपाणीकडचे. ते बांधावरून म्हणाले, "साहेब, आज-उद्या वरनं रूळ फिरवा. माती दबली न्हाई तर ओल उडंल, बी मुंग्या नेतील. माझा दगडी रूळ घ्या की. तासाभराचं काम."

शंतनु हरखला. रूळ लागतो म्हणजे तो निवडावा लागतो, आणि निवडीच्या बाबतीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. (घरचा मिक्सर त्याने चौदा महिन्यांत निवडला. तोवर त्याची बायको उल्का शेजारून चटणी वाटून आणत असे.)

त्याच संध्याकाळी तक्ता तयार झाला. तेवीस रूळ, एकेचाळीस निकष. गुळगुळीत, खाचांचे, पाणी भरून जड करायचे. रंगाला सहा गुण. 'वेळेत मिळणे' याला अर्धा. निःपक्षपातीपणा म्हणून आप्पाजींचा दगडही विचारात घेतला गेला. मॉडेल क्रमांक : आढळला नाही. वजन : विचारणा केली असता 'जड हाय' असे उत्तर मिळाले. ग्राहकांचे अभिप्राय : शून्य. (आप्पाजींच्या आजोबांनी तो हयातभर वापरला, पण तसे कुठे लिहून ठेवले नाही.) दगड पहिल्याच फेरीत बाद झाला. एका रुळाला मात्र साडेचार तारे होते. खाली कोणीतरी लिहिले होते, 'फारच छान. अजून उघडलेला नाही.'

"पेरून अकरा दिवस झाले," उल्का म्हणाली.

"अगं, पण घाईत चुकीचा आला तर?"

मुंग्यांचे काम तक्त्याशिवाय चालू होते.

रूळ सातव्या आठवड्यात आला. आप्पाजींची नाचणी तोवर गुडघ्याला लागली होती. शंतनुच्या शेतात मोजून नऊ रोपे होती. ती रुळाच्या मध्ये येत होती, म्हणून उपटली. माती उत्तम दबली. त्याने तिथेच उभ्या उभ्या पाच तारे दिले आणि लिहिले, 'कुठेही अडत नाही.'

संक्रांतीला आई आली. आप्पाजींनी न सांगता पायलीभर नाचणी पाठवली होती. आईने पहिला घास घेतला आणि डोळे टिपले. "आपल्या शेतातलं ते आपल्या शेतातलं रे!" शरमलेल्या शंतनुने आईला आणखी एक भाकरी वाढली.

त्याचा अभिप्राय आजवर बाराशे जणांना उपयुक्त वाटला आहे.

रूळ शेवटी कोणता घेतला, गुळगुळीत की खाचांचा, हे सांगायचे राहिले. ज्या वाचकाला ते मघापासून विचारायचे आहे, त्याने आधी आपले शेत कुठे आहे ते सांगावे.