मन्मथप्पांची सुंता

दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला "माल घेऊ नका" म्हणणारा दुकानदार मी आयुष्यात एकच पाहिला. उदगीरचे मन्मथप्पा. त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. एखादी बाई नव्या हंड्याला हात लावते न लावते तोच अप्पा गादीवरून विचारायचे, "लाजमी हाय का?"

"आं?"

"म्हंजी घरी हंडा हाय का न्हाई?"

"हाय की. पर गळायलाय जरा."

"मग भोक बुजवून घ्या. नवा कामून घ्यायलाव?"

बाई ओशाळून निघून जायची. पण सहा महिन्यांनी हंडा खरोखर कामातून गेला की ती दुसरीकडे कुठेही न जाता अप्पांकडेच यायची. या दुकानात फसवत नाहीत, अशी पंचक्रोशीची खात्री होती. मुलगा बसवराज मात्र कपाळाला हात लावून बसायचा.

निजामाच्या राजवटीत अप्पांनी उर्दू शाळेत चार इयत्ता काढल्या होत्या. त्या चार इयत्तांतून 'लाजमी', म्हणजे गरजेचं, हा एकच शब्द त्यांनी जन्मभरासाठी उचलून आणला होता. चहाला बशी लाजमी हाय का? शर्टाची वरची गुंडी लाजमी हाय का? मी तेव्हा नांदेडहून नुकताच तिथल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायला आलो होतो आणि अप्पांच्या दुकानामागच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. माझं लग्न ठरल्याचं सांगायला गेलो, तर त्यांनी मलाही तेच विचारलं. उत्तर द्यायला मला थोडा वेळच लागला.

लातूर जिल्हा उस्मानाबादेतून वेगळा निघाला तेव्हा उदगीरला चौकात पेढे वाटले. साखरेचा आजार असूनही अप्पांनी पेढा घेतला, चवीनं खाल्ला, बोटं पुसली आणि वाटणाऱ्याला विचारलं, "जिल्हा लाजमी होता का पर? हाय त्या जिल्ह्यात काय वाईट चाललं होतं?"

एके दिवशी दुपारी त्यांनी मला दुकानाच्या आतल्या बाजूला, पातेल्यांच्या उतरंडीआड बोलावलं. आवाज खाली आणला.

"मास्तर, तुमच्या इज्ञानाच्या पुस्तकात सुंतेचं काय दिलंय?"

मी म्हटलं, "आठवीच्या पुस्तकात तर काही नाही."

"नववीच्या?"

"नववीच्याही नाही."

"मग काय शिकिवताव पोरांला?" अप्पा वैतागले. मग इकडेतिकडे बघून म्हणाले, "एक माणूस हाय. देगलूरचा. वळखीचा. साखरेचा आजार हाय त्याला. डाक्टर म्हणून राहिला, सुंता करावी लागंल. लिंगायत माणूस, साठीला आलेला. आता सांगा, लाजमी हाय का?"

देगलूरचा हा माणूस गादीवर नीट बसू शकत नव्हता, हे मला गेले दोन महिने दिसत होतं. पण मी ते दाखवलं नाही. डॉक्टरांनी दुसरा काही उपाय सांगितलाय का, एवढंच विचारलं.

"सांगितला की. म्हणला, दिवसातून तीनदा धुवा, मलम लावा, साखर आवरा. तीनदा धुवा! टँकर येतो चौथ्या रोजी, घराला मिळत्यात चार घागरी. पाच माणसं त्यात पिणार, रांधणार. आन हा गडी तीन टाइम धुत बसणार?" जरा थांबून ते म्हणाले, "देगलूरला बी लई टंचाई हाय म्हणं."

तेव्हा सलग दोन वर्षं पाऊस नुसता नावाला पडला होता. त्यामुळे अप्पांचं म्हणणं खोडायला मला जागा नव्हती.

मला वाटलं, विषय तिथंच मिटला. पण अप्पांनी तो दुसऱ्या दिवशी दुकानाच्या ओट्यावर मांडला. देगलूरचा माणूस पुढं करून. संध्याकाळी ओट्यावर बसणाऱ्या सात-आठ जणांना देगलूरचा माणूस कोण ते पाच मिनिटांत कळलं. तरी सगळ्यांनी अप्पांचा मान राखला आणि पुढचे सहा महिने ते अगत्यानं देगलूरकराची चौकशी करत राहिले.

पहिला प्रश्न अर्थातच बशीरभाईंकडे गेला. बशीरभाईंचं बांगड्यांचं दुकान अप्पांच्या दुकानाला लागून होतं. मधली भिंत इतकी पातळ होती, की इकडे तांब्या पडला तर तिकडे बांगड्या किणकिणायच्या. दोघं चाळीस वर्षं शेजारी बसले होते.

"बशीर, तुमच्यात करत्यात. कामून करत्यात?"

"सुन्नत है, अप्पा. दीन की बात है."

"ते हाय. पर तुला इचारून केलं होतं का?"

"हमारे में पूछते नै अप्पा. बच्चा था मैं. बच्चे को क्या पूछना?"

"मग तुला राग न्हाई आला?"

साठ वर्षांत हा प्रश्न बशीरभाईंच्या मनाला शिवलाच नव्हता. दोन दिवस ते विचारात होते. गिऱ्हाइकाच्या हातात हिरव्याऐवजी लाल बांगड्या भरत होते. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "अप्पा, सोचा मैं. गुस्सा नै आया. क्या याद है बोलूँ? अब्बा ने नया कुर्ता पहनाया, गले में हार डाला, घोड़े पे बिठाया, पूरी गली में घुमाया. दर्द का कुछ याद नै. अब्बा लगाम पकड़ के आगे चल रहे थे, वो याद है."

बशीरभाईंचा धाकटा भाऊ जब्बार त्या दिवशी नांदेडहून आला होता. तो तिथं कॉलेजात शिकवायचा आणि कुठलंही वाक्य 'मला वाटतं' या शब्दांनी सुरू करायचा.

"मला वाटतं, भाईजान, घोडा वेगळा आणि ते वेगळं. आजारासाठी लागलं तर जरूर करावं. पण एरवी ज्याचं अंग, त्याला मोठं होऊ द्यावं, मग विचारावं."

"बड़ा होने के बाद कौन हौ बोलेगा?" बशीरभाई म्हणाले.

"मग नाही म्हणू द्या ना."

"तू नै बोलता था क्या?"

जब्बारनं विचार केला. "मला वाटतं, मी हो म्हटलं असतं. पण विचारलं असतं तर बरं वाटलं असतं."

अप्पा खूश झाले. त्यांना हवा तसा वाद पेटला होता. त्यांनी सदऱ्यातून गळ्यातलं लिंग बाहेर काढलं. "हे बघ जब्बार. मी पाळण्यात असताना हे बांधलं. मला कुणी इचारलं?"

"ते काढून ठेवता येतं, अप्पा. हे परत जोडता येत नाही."

"काढून ठेवलं असतं तर आमच्या अव्वानं मला घराभायेर ठेवलं असतं," अप्पा म्हणाले आणि ओटा हसून हसून लोळला.

वाद असे रंगत गेले. एक म्हणाला, यानं रोगराई कमी होते. दुसरा म्हणाला, देवानं दिलेल्या अंगात माणसानं दुरुस्त्या करू नयेत. तिसऱ्यानं त्याला विचारलं, मग तू दाढी कशाला करतोस? अप्पा सगळ्यांचं ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, "ते समदं खरं. पर देगलूरच्याला लाजमी हाय का?"

हा खेळ बसवराजनं मोडला. एक दिवस तो भर दुकानात कडाडला, "बास करा अप्पा! गावाला काय कळत न्हाई व्हय? उद्या लोक म्हणतील, मन्मथप्पा बाटला. मला लेकीबाळींची लग्नं करायचीत. काय करायचं ते मलमानं करा. कापाकापी चालायची न्हाई या घरात."

पातळ भिंतीपलीकडं बांगड्यांचा आवाज थांबला. त्यानंतर आठ दिवस बशीरभाई ओट्यावर आले नाहीत. अप्पांनी देगलूरच्या माणसाचं नाव काढणं सोडलं. गिऱ्हाइकांनाही ते काही विचारेनात. बाया हंडे मुकाट्यानं घेऊन जाऊ लागल्या आणि धंदा पहिल्यांदाच बसवराजच्या मनासारखा चालू लागला.

मग एका सकाळी दुकान उघडलं नाही. बसवराज सासुरवाडीला, निलंग्याकडे गेला होता. सून म्हणाली, "मामंजी खोलीतून भायेर येईनात. मला काय सांगनात बी." मी आत गेलो. अप्पा पलंगाच्या कडेला पोट धरून वाकून बसले होते. चेहरा घामानं निथळत होता.

"मास्तर," ते म्हणाले, "कालच्यान लघवी झाली न्हाई." आणि मग, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, "देगलूरचं कुणी न्हाई. मीच हाय."

"ठाऊक आहे," मी म्हटलं.

गावातल्या डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं, आता लातूर, आत्ताच्या आत्ता. जीप मिळेना. चौकात पाण्याचा टँकर रिकामा होऊन लातूरकडे निघाला होता. मी ड्रायव्हरला हात जोडत होतो, तेवढ्यात बशीरभाई दुकान उघडं टाकून धावत आले. त्यांनी एका बाजूनं अप्पांना धरलं, मी दुसऱ्या. ड्रायव्हर, अप्पा, बशीरभाई आणि मी, असे चौघं त्या केबिनमध्ये कोंबलो गेलो. रस्ता सगळा खड्ड्यांचा. प्रत्येक खड्ड्याला अप्पा महादेवाचं नाव घ्यायचे आणि बशीरभाई अल्लाचं. एका मोठ्या खड्ड्यानंतर अप्पा कण्हत म्हणाले, "जिल्हा लाजमी होता बशीर. उस्मानाबादपातूर गेलो असतो तर वाटंतच फुटलो असतो."

लातूरच्या दवाखान्यात आधी नळी घालून त्यांना मोकळं केलं. अप्पांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, की शेजारच्या खाटेवरचा पेशंट विचारू लागला, यांना कसली गोळी दिली? दोन दिवस साखर आटोक्यात आणली. मग तिथले सर्जन, पस्तिशीचे असतील, खाटेवर अप्पांच्या पायथ्याशी येऊन बसले.

"अप्पा, कातडी आत चिकटून तोंड आवळलंय. सुंता केली तर पुन्हा असं होणार नाही. नको असेल तर नळीवर थोडे दिवस काढता येतील, पण दुखणं परत येईल. तुमचं अंग आहे. करू का?"

"लाजमी हाय का?"

"तुम्हाला आहे."

"आन दुसऱ्यांला?"

"दुसऱ्यांचं मी आज बघत नाहीये. तुमचं बघतोय. तुम्हाला लाजमी आहे."

अप्पांनी उशीवर डोकं टेकलं. "करा," ते म्हणाले. "सा म्हैने वाद घातला, पर मला करू का म्हणून कुणीच इचारलं न्हवतं."

संमतीच्या कागदावर त्यांनी झोकदार सही केली. खाली नातेवाइकाची सही हवी होती. बशीरभाईंनी पेन घेतलं. कारकुनानं एकदा त्यांच्या टोपीकडं पाहिलं, एकदा अप्पांच्या कपाळावरच्या भस्माकडं.

"नातं काय?"

बशीरभाई गोंधळले. "दुकान से दुकान लगी है."

"हे नातं होत नाही, चाचा."

तेवढ्यात दारातून बसवराज आत आला. निरोप उशिरा पोचला होता; निलंग्याहून थेट, धुळीनं माखलेला, डोळे लाल. त्यानं बशीरभाईंच्या हातातून पेन घेतलं आणि सही केली. मग बाहेर जाऊन चहा घेऊन आला. पहिला कप बशीरभाईंपुढं धरला. म्हणाला, "चाचा, त्या रोजी मी लई वंगाळ बोललो."

"चाय ठंडी हो री," बशीरभाई म्हणाले आणि कप घेतला.

ऑपरेशन नीट झालं. संध्याकाळी बसवराज औषधं आणायला गेला असताना मी अप्पांजवळ बसलो होतो. मी विचारलं, "अप्पा, इतके दिवस अंगावर का काढलंत? गावभर चर्चा केलीत, घरात का नाही बोललात?"

त्यांची बायको तीन वर्षांपूर्वी गेली होती, हे मला माहीत होतं. "असली गोष्ट कुणाला सांगावं मास्तर? ती असती तर पयल्या रोजीच सांगितलं असतं. ल्योकाला कसं सांगू? सुनंला तर न्हाईच. मग म्हणलं, समद्यांलाच सांगू. दुसऱ्या कुणाचं म्हणून."

उदगीरला परतल्यावर काय होतंय याची बसवराजला धास्ती होती. पण फार काही झालं नाही. दोन दिवस लोक कुजबुजले, तिसऱ्या दिवशी टँकर आला आणि सगळे घागरी घेऊन धावले. मठातले स्वामी भेटायला आले. बसवराज दाराशी खाली मान घालून उभा. स्वामींनी विचारलं, "गळ्यातलं जागेवर हाय का?" अप्पांनी लिंग दाखवलं. "मग झालं तर," स्वामी म्हणाले आणि चहा पिऊन गेले.

बसवराज मात्र बदलला. रोज सकाळी आपल्या वाटणीच्या पाण्यातलं तांब्याभर पाणी कोमट करून तो बापाच्या न्हाणीघराबाहेर ठेवायचा. मग दाराला पाठ लावून उभा राहायचा आणि विचारायचा, "अप्पा, आग होती का?"

आतून अप्पा म्हणायचे, "थोडी थोडी हाय."

"कालच्यापरीस कमी हाय का?"

"हाव. कमी हाय जरा."

माझी खोली न्हाणीघराला लागूनच होती. त्यामुळे हे संभाषण मी रोज ऐकायचो. पुढच्या मृगात पाऊस झाला, विहिरींना पाणी आलं, टँकर बंद झाले, तरी ते चालूच होतं. मला काळजी वाटायला लागली. लातूरला कामाला गेलो होतो तेव्हा मी मुद्दाम त्या सर्जनना गाठलं. म्हटलं, मन्मथप्पांची आग अजून थांबत नाही, एकदा तपासायला आणू का?

त्यांनी कागद काढून पाहिला आणि नवलानं म्हणाले, "पण त्यांची जखम तर तीन आठवड्यांतच भरलीय. मागच्या खेपेला एकटेच येऊन गेले. मला म्हणाले, अगदी ठणठणीत आहे, घरी मात्र कुणाला सांगू नका."

मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बसवराज नेहमीसारखा तांब्या घेऊन आला, दाराला पाठ लावून उभा राहिला आणि त्यानं विचारलं. आतून लगेच उत्तर आलं नाही. अप्पा बहुधा आज किती सांगावं याचा विचार करत असावेत.

"हाय," मग ते म्हणाले. "अजून थोडी हाय."