तिसरी हाक

आजचं काम सुरळीत पार पडलं, तर प्रोग्रामरच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या: टीम लीडरचं पद, खिडकीजवळची खुर्ची आणि ताठ मानेने घरात शिरण्याचा हक्क. बिघडलं, तर साहेबांनी कालच बजावून ठेवलं होतं, "दुसरीकडे बघायला लागा."

दातांच्या मोठ्या दवाखान्यात पेशंटना नंबराने हाका मारणारं सॉफ्टवेअर बसवायचं होतं. ते बसलं. डॉक्टरीणबाई बघायला बाहेर आल्या. साहेब ऐटीत खुर्चीत टेकले.

"क्रमांक सात, कृपया आत यावे," स्पीकर मधाळ आवाजात म्हणाला.

सात नंबरच्या गृहस्थांनी सुजलेला गाल धरून मासिकात डोकं आणखी खुपसलं. दुसरी हाक झाली. गृहस्थांनी पान उलटलं.

आता तिसरी! प्रोग्रामर स्पीकरच्या वायरीकडे सरकला. चाचणीपुरता म्हणून त्याने बायकोचा आवाज गुपचूप रेकॉर्ड करून तिसऱ्या हाकेच्या जागी घातला होता. असल्या फायली चाचणीच्या फोल्डरमध्ये असल्या, की गिऱ्हाइकाकडे जाणाऱ्या पॅकेजातून आपोआप वगळल्या जात. पण दरवेळी ते फोल्डर कोण उघडत बसणार? म्हणून हा पठ्ठ्या ती फाइल खऱ्या हाकांच्या शेजारी ठेवून मोकळा झाला होता. आणि काढायला विसरला.

"साहेब, जरा बंद करू का? ती वायर..."

"गप्प उभे राहा."

"अहो! कानात बोळे घातलेत का? किती वेळा सांगायचं? उठा आधी! आणि पलंगावरचा तो ओला टॉवेल उचला!" स्पीकर कडाडला.

सात नंबर ताडकन उठले. आठ आणि नऊही उठले. नुसते बायकोच्या सोबतीला आलेले एक काकाही उठले. साहेब अर्धे उठून परत बसले.

"कोणाचा आवाज हा?" त्यांनी दातओठ खात विचारलं.

"चाचणीचा... म्हणजे, घरचा."

"उद्यापासून तुम्ही..."

"थांबा हो," डॉक्टरीणबाई मध्येच म्हणाल्या. "इतक्या वर्षांत पेशंट असा धावत आत आलेला मी पाहिला नाही. हाच आवाज ठेवा, नाहीतर तुमचं सगळं परत न्या."

साहेबांनी घाम पुसला. "घरून परवानगी आणा. आजच!"

घरी बायकोने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तेच भयंकर होतं.

"म्हणजे मी घसा फोडत होते, आणि तुम्ही रेकॉर्ड करत होतात?"

"चाचणीसाठी गं."

"बरं. दिली परवानगी. पण टॉवेल त्यातून काढायचा नाही."

डॉक्टरीणबाईंना तत्पर पेशंट मिळाले, साहेबांना गिऱ्हाईक म्हणून गावातले बाकीचे सगळे दातांचे दवाखाने, बायकोला मानधन. प्रोग्रामरला पद आणि खुर्चीही मिळाली. फक्त गेल्या आठवड्यापासून त्याची दाढ ठणकते आहे, आणि गालाला ओला टॉवेल लावून तो परगावचा डॉक्टर शोधतो आहे.