दुसरी हाक

टावर चौकातल्या भाजीच्या गर्दीत आमच्या रमाआत्यांनी "कुमुद!" अशी हाक मारली, की तीन-चार बाया एकदम माना वळवतात. त्यांतली एकही कुमुद नसते. एक पूजा, एक स्नेहल, एक बँकेतली अपर्णा आणि चौथी मी, ऋचा. आम्ही एकमेकींकडे बघतो, ओशाळतो आणि पुन्हा मेथी निवडायला लागतो. रमाआत्या खूश होऊन पुढे निघून जातात.

मी शाळेत विज्ञान शिकवते. माझी मान मला न विचारता वळते, हे वर्गात सांगायची सोय नाही.

रमाआत्या माझ्या सख्ख्या आत्या नव्हेत. त्या कोणाच्याच नव्हेत. पण माधव नगरातल्या एखाद्या मराठी घरात बारसं असलं आणि बाळाची खरी आत्या पुण्यात किंवा परदेशात असली, की ह्यांना बोलावणं जातं. कानात "कुर्र्र" करून नाव सांगायचं आणि मग बायकांचे धपाटे पाठीत खायचे, ही आत्याची ड्यूटी त्या वर्षानुवर्षं करताहेत. धपाटे हलके पडले तर रागावतात. "जोर लावा ना गं! नाव पक्कं बसलं पाहिजे."

पोर कितीही रडत असो, आत्यांचं तोंड त्याच्या कानाशी गेलं की ते गप्प होतं आणि दाराकडे बघायला लागतं. दारात कोणी नसतं. अशा वेळी आम्हा सगळ्यांना घुगऱ्यांच्या वाट्या भरायचं काम एकदम आठवतं.

कुमुद ह्या नावावर त्यांचं भाषण तयार असतं. "कु म्हणजे पृथ्वी, मुद म्हणजे आनंद. पृथ्वीवर खुशीत राहणारी. संस्कृतातलं नाव आहे, चांदण्यात उमलणारं पांढरं कमळ. आमच्या जमान्यात वर्गावर्गात दोन-दोन कुमुद. आणि आता? कियारा!" कियारा म्हणताना त्यांचा चेहरा चहात मीठ पडल्यासारखा होतो. रोज सकाळी पेपरात कोण वारलं ते आधी वाचतात. "अजून एक कुमुद गेली," म्हणतात आणि चहा गार होऊ देतात.

त्यांचं दुसरं खूळ हाकेचं. पहिल्या हाकेला त्या कधीच ओ देत नाहीत. "जे एकदाच हाक मारतं ना, ते माणूस नसतं. माणूस दुबारा बोलावतो. माझ्या आईनं सांगून ठेवलंय." दाराच्या घंटीलाही हाच कायदा. कित्येक कुरियरवाले एकदा वाजवून परत गेलेत. गॅसवाला शहाणा, तो लागोपाठ दोनदा वाजवतो.

यंदा उन्हाळ्यात माझ्या मुलीचं बारसं झालं. नाव ठेवलं अन्वी. नवऱ्यानं हौसेनं पाळण्याच्या कठड्याला मोबाइल बांधला होता. दुसऱ्या दिवशी ते शूटिंग बघताना माझा घास हातातच राहिला. आत्या वाकल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "कुर्र्र... कुमुद." पोरगी गप्प झाली, दाराकडे बघू लागली. मग त्या मोठ्यानं म्हणाल्या, "कुर्र्र... अन्वी!" आणि धपाटे सुरू झाले.

माझ्या बारशालाही ह्याच आत्या होत्या. पूजाच्या, स्नेहलच्या, अपर्णाच्याही.

बाळंतिणीनं बाहेर पडायचं नसतं म्हणे. सगळ्यांचा डोळा चुकवून मी चार घरं पलीकडे आत्यांकडे गेले आणि घंटी दोनदा वाजवली.

"आत्या, हे काय करून राहिल्या तुम्ही? माझ्या मुलीच्या कानात कोणाचं नाव सांगितलं?"

"माझं," त्या म्हणाल्या. जराही गडबडल्या नाहीत. "माझ्या लग्नात ह्यांनी तांदळाच्या ताटात अंगठीनं 'रमा' लिहिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुमुदला सासरच्यांनी घरात घेतलंच नाही. माहेरी गेले की तेवढं ऐकू यायचं. मग आई गेली, ताई गेली. मागच्या साली इंदूरचा दादा पण गेला. आता त्या नावानं मला बोलावणारं कोणी नाही गं. हे एक दिवस होणार, मला मालूम होतं. म्हणून आधीपासून थोडं-थोडं तुमच्या कानांत ठेवून दिलं. मधूनच हाक मारून बघते, आहे ना अजून म्हणून."

"आणि पोरं दाराकडे काय बघतात?"

"ते मला काय मालूम? माझी तर दाराकडे पाठ असते."

भांडायला गेलेली मी त्यांच्याकडचा लाडू खाऊन परत आले. रात्रभर मला वाईट वाटत राहिलं आणि थोडी भीतीही वाटली.

परवा संध्याकाळी टावर चौकात त्या पुढे चालताना दिसल्या, हातात कापडी पिशवी, एकट्याच. अन्वी माझ्या खांद्यावर झोपली होती. काय वाटलं कोण जाणे, मी मोठ्यानं हाक मारली, "कुमुद!"

समोर भाजी घेणारी पूजा वळली. पाणीपुरीच्या गाडीशी उभी स्नेहल वळली. रमाआत्या वळल्या नाहीत. पण त्या थांबल्या. पिशवी छातीशी धरून, आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. माणसं त्यांना चुकवून जात होती. मला त्यांच्या आईचा नियम आठवला.

"कुमुद!"

"ओ!" म्हणत त्या वळल्या. "आले गं, आले."

आवाज शाळकरी मुलीचा होता. डोळे भरले होते आणि त्या हसत होत्या, पण माझ्याकडे बघून नव्हे. त्या माझ्या खांद्यावरून मागे बघत होत्या. अन्वी जागी झाली होती आणि तीही तिकडेच बघत होती. मागे वळायचा मला धीर झाला नाही. मी पुढे झाले आणि त्यांचा हात धरला.