वेलिझार आजोबांचा हिरवा दिवा

बाळांनो, जरा डोळे मिटा. पण मग पुढचं वाचणार कसं? बरं, एक डोळा उघडा ठेवा आणि मिटलेल्या डोळ्याने बघा. सर्बियातलं डोंगराच्या कुशीतलं एक गाव. डिसेंबरची थंडी. अंगणात घोट्यापर्यंत बर्फ. अंगणाच्या अलीकडे मोठं दगडी घर आणि पलीकडे धुराने काळवंडलेली एक बुटकी खोली. त्या खोलीला सगळे उन्हाळी स्वयंपाकघर म्हणायचे, पण देसांका आजी आणि वेलिझार आजोबा बाराही महिने तिथेच राहायचे. मोठं घर फक्त झाडायचं आणि पुसायचं. त्यातली चांगली खोली उघडायची ती पाद्रीबाबांसाठी, नाहीतर डॉक्टरसाठी.

आता त्या अंगणात नऊ वर्षांची एक मुलगी उभी करा. नाक लाल, टोपी कानांवर. ही यागोदा, आजोबांची नात. तिची आई गोर्दाना जर्मनीत एका इस्पितळात नर्स होती आणि यंदा पहिल्यांदाच तिला स्लावाला सुटी मिळाली नव्हती. स्लावा म्हणजे कुळाच्या संताचा दिवस. या घराचा संत निकोला. त्या दिवशी चांगल्या खोलीत, संताच्या तसबिरीपुढे, पाद्रीबाबा गोल पाव कापतात आणि घरातले सगळे तो हातांनी धरून फिरवतात. एकही हात कमी पडला तर आजी वर्षभर हळहळते.

"हात नाही तर नाही, तोंड तरी दाखवा मला पावाचं," गोर्दाना फोनवर म्हणाली होती. "सकाळी मधल्या सुटीत मी बसते फोन घेऊन. पंधरा मिनिटं मिळतात."

"तोंडच काय, त्यावरचे तीळही मोजशील," आजोबा म्हणाले.

असं म्हणायला त्यांचं काय जात होतं? टेलिफोनच्या तारा ओढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. बर्फात खांबावर चढून त्यांनी अख्ख्या तालुक्याला बोलतं केलं होतं. पण इंटरनेटची तार आली होती उन्हाळी स्वयंपाकघरात, कारण आजोबांचा टीव्ही तिथे होता. मोबाइलला म्हणाल, तर गावात फक्त कबरस्तानाच्या टेकडीवर रेंज यायची. आणि मोठ्या घराच्या भिंती हातभर जाडीच्या दगडी. आत सिग्नल शिरणार कुठून?

"खिडकीतून," आजोबांनी जाहीर केलं. तालुक्याच्या गावाहून ते एक पांढरा डबा घेऊन आले. साबणाच्या वडीएवढा. मोठ्या घराच्या बंदिस्त व्हरांड्यात, अंगणाकडच्या खिडकीसमोरच्या भिंतीवर विजेचा प्लग होता, त्यात तो खोचला. डबा खिडकीतून सिग्नल ओढून घेणार आणि पुढे चांगल्या खोलीत सोडणार. डब्यावर हिरवा दिवा लागला.

"बघ," आजोबा यागोदाला म्हणाले. "तारेतून आवाज नेताना मला घाम फुटला नाही. हे तर हवेतून जातंय. आयतं."

"खूप हुशार आहेस," आजी म्हणाली. "आता मासे आण."

संत निकोलाचा दिवस उपासात येतो. त्यांच्याकडे उपासाला मासा चालतो. तुम्ही लगेच आईकडे बघू नका, आपल्याकडे चालत नाही. आजोबांनी तळ्यावरून एक जिवंत कार्प मासा आणला, मांजरीहून मोठा, गालफुगव्या पोलिसासारखा चेहरा. आजीने तो पत्र्याच्या मोठ्या टबात पाणी भरून ठेवला.

त्या दिवसापासून दिवा लाल झाला.

आजोबांनी डबा काढला, फुंकर मारली, परत लावला. लाल. गोर्दानाला फोन लावला, तर पडद्यावर ती तोंड उघडं टाकून थिजली, जांभई देणाऱ्या पाणघोड्यासारखी. कंपनीला फोन केला. तिथल्या मुलाने डबा बंद करून चालू करायला सांगितलं.

"एवढं मलाही सुचतं, पोरा," आजोबा म्हणाले.

"मग राउटरही बंद करून चालू करा, काका."

आजोबांनी घराची आणि उन्हाळी स्वयंपाकघराची, दोन्हींची वीजच बंद करून चालू केली. लाल. त्यांनी खिडकी उघडली, म्हणजे सिग्नल मोकळेपणी आत येईल. आजीने येऊन बंद केली.

"म्हाताऱ्या, दाराची आणि खिडकीची हवा समोरासमोर आली की मान धरते. माझी बहीण त्यानेच अंथरुणाला खिळली."

"तुझी बहीण ब्याण्णव वर्षांची होती."

"हवा लागली नसती तर अजून असती."

खिडकी बंद. दिवा लाल. पण मधूनच, सकाळी आणि संध्याकाळी थोडा थोडा वेळ, तो आपणहून हिरवा व्हायचा. आजोबा पळत चांगल्या खोलीत जायचे, फोन लावायचे, गोर्दाना हसायची, "बाबा, आता दिसताय..." आणि पुन्हा पाणघोडा.

आजोबा दोन दिवस विचार करत बसले. मग त्यांचा चेहरा उजळला. शेजारचा झिवको सकाळ-संध्याकाळ गाय पिळायचा. तो गोठ्यात असला की दिवा हिरवा, घरात आला की लाल. म्हणजे चोर सापडला.

ते कुंपणापाशी गेले. "झिवको, तू माझं इंटरनेट खातोस."

झिवको दचकला. त्याच्या हातातली दुधाची बादली हिंदकळली. "काय खातो?"

"तू गाय पिळतोस तेव्हा माझं चालतं. पिळणं थांबवलंस की बंद पडतं. हे कसं काय?"

झिवकोने बराच विचार केला. "मग मी काय दिवसभर पिळत बसू? गाय लाथ घालेल मला."

"स्लावाच्या सकाळी तेवढं बस. गोर्दानासाठी."

गोर्दानाला झिवकोने खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती. "बसतो," तो म्हणाला. "पण तुझं डोकं एकदा डॉक्टरला दाखव."

स्लावाचा दिवस उजाडला. आजीने चांगल्या खोलीत मेणबत्ती लावली, टेबलावर पाव मांडला, वर कणकेची चिमुकली पाखरं. मासा अजून टबातच होता, तो दुपारी तळायचा होता. झिवको उजाडताच गोठ्यात जाऊन बसला. आणि पाद्रीबाबा ठरल्यापेक्षा लवकर आले, कारण गावातल्या निम्म्या घरांचा संत निकोलाच होता.

"वेलिझार, आटपा," त्यांनी बूट झाडले. "अजून सहा घरं आहेत."

यागोदाने टॅबलेट टेबलावर उभा केला. आई दिसली, निळ्या गणवेशात, डोक्यावर जाळीची टोपी. "यागो! अगं, केवढी झा..." आणि थिजली.

आजोबा व्हरांड्यात धावले. लाल. "झिवको गोठ्यातून उठला वाटतं."

"गोठ्यातच आहे," यागोदा खिडकीतून बघून म्हणाली. "गाय त्याची टोपी खातेय."

आजोबांचा चेहरा पडला. चोर तर जागेवर होता. मग चोरी कोण करत होतं? त्यांनी डबा हलवला, ठोकला, शेवटी त्याला शिव्या दिल्या, पाद्रीबाबांना ऐकू जाणार नाहीत अशा आवाजात. आतून आजी म्हणाली, "तिची सुटी संपेल रे."

एवढ्यात पाद्रीबाबा आपला ओला कोट ठेवायला जागा शोधत व्हरांड्यात आले. आजीने लगबगीने बाहेर येऊन खिडकीतल्या पेटीवरचा माशाचा टब दोन्ही कड्यांनी उचलला, जागा करून द्यायला.

"...लीस तू!" आतून आईचा आवाज आला. "आई कुठेय?"

"इथेच आहे मी!" आजी ओरडली आणि धावत आत जाण्यासाठी टब परत पेटीवर ठेवला. पडद्यावरची आई पुन्हा थिजली.

यागोदा दारात उभी होती. तिने डब्याकडे बघितलं, टबाकडे बघितलं.

"आजी, टब उचल."

"आता कशाला?"

"उचल ना."

आजीने उचलला. हिरवा.

"ठेव."

लाल.

"पुन्हा उचल."

हिरवा. पत्रा आणि पाणी, दोन्हींतून सिग्नल जात नाही, हे बाळांनो आता तुम्हालाही कळलं. आजी तो टब मांजरीच्या भीतीने खिडकीत उंचावर ठेवायची आणि सकाळ-संध्याकाळ पाणी बदलायला बाहेर न्यायची. झिवको गाय पिळायचा त्याच वेळी.

आजोबा माशाकडे बघत राहिले. मासा त्यांच्याकडे बघत राहिला. ज्या माणसाने वादळात तुटलेली तार अंधारात बोटांनी चाचपून जोडली होती, त्याला एका कार्पने बनवलं होतं.

"मासा?" ते एवढंच म्हणाले.

मग त्यांनी आजीच्या हातातून टब हिसकावला आणि माशासकट तो बाहेर फेकायच्या बेतात वळले. माशाला हे वळणं आवडलं नाही. त्याने शेपटीचा असा फटका मारला की अर्धं पाणी भिंतीवर गेलं. फट् झालं. डब्यातून धुराची एक रेघ निघाली. मोठ्या घराची वीज गेली आणि मासा पाद्रीबाबांच्या झग्याखाली शिरला. (ओल्या हातांनी विजेच्या प्लगजवळ जायचं नसतं, हे मी निराळं सांगायला नको.)

पाद्रीबाबा एका पायावर उभे राहिले. आजीने मासा पकडला. आजोबांनी डबा काढून हातात घेतला. तो जळलेल्या पावासारखा वास मारत होता.

"मी दुरुस्त करतो," आजोबा म्हणाले. "अर्ध्या तासात."

"तिची पाच मिनिटं उरलीत," आजी म्हणाली. ती पेटीवर बसली, मांडीवर मासा, आणि रडायला लागली. "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या पोरीशिवाय पाव फिरणार."

"वेलिझार, मला निघायला हवं," पाद्रीबाबा हळूच म्हणाले.

उन्हाळी स्वयंपाकघराची वीज वेगळी होती, ती चालू होती. राउटरही चालू होता, टीव्हीच्या डोक्यावर. तिथून इथे सिग्नल कसा आणायचा, याच्याच आजोबा मागे होते. तार? शिडी? आरसा? त्यांचं डोकं गरागरा फिरत होतं.

यागोदा आत गेली. तिने टॅबलेट काखेत मारला. टेबलावरचा पाव पाखरांसकट टॉवेलात घेतला, दोन्ही हातांवर, आणि सगळ्यांच्या मधून चालत बाहेर पडली. अंगणातून, बर्फातून, उन्हाळी स्वयंपाकघराकडे.

आजीच्या लक्षात आलं. "अगं ए, तिकडे नको! तिकडे कालच्या कढया पडल्यात! पाद्रीबाबा काय म्हणतील?"

पाद्रीबाबांनी मेणबत्ती उचलली, वाऱ्यापासून जपायला तिच्यापुढे टोपी धरली आणि यागोदाच्या मागे निघाले. "संत निकोला खलाशांचा पाठीराखा, देसांका. त्यांनी याहून वाईट स्वयंपाकघरं पाहिली असतील."

कुंपणापलीकडून झिवकोने डोकं वर काढलं, टोपी नसलेलं. "मी आता उठू का?"

"उठ, उठ," आजोबा पळता पळता म्हणाले. "मी हेच सुचवणार होतो तिला."

उन्हाळी स्वयंपाकघरात यागोदाने कांद्याची सालं बाजूला सारून पाव ठेवला. टॅबलेट उभा केला. आई हलली, बोलली, हसली. पाद्रीबाबांनी पाव कापला. सगळ्यांचे हात कडेला लागले, आजीचे माशाच्या खवल्यांसकट.

"मी कुठे धरू गं?" आईने विचारलं.

यागोदाने टॅबलेट उचलून पावाच्या कडेला टेकवला आणि पाव फिरला तसा तोही फिरवला. आईला आढ्याची काजळी दिसली, मग कढया, मग आजोबांच्या नाकपुड्या, मग पुन्हा काजळी.

"थांब गं, चक्कर येतेय मला," आई हसत हसत म्हणाली.

यागोदा काही थांबली नाही.