पाहण्यासारखं घर

"गाईडबिईड आपल्याला लागत नाही!" मास्तरांनी विमानातच जाहीर करून टाकलं. "अर्ध्या गावाला गाडी शिकवलीय मी. रस्ता कुठे जातो, ते मला रस्त्याच्या तोंडावरून कळतं!"

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. विमान उतरताना नसलेला ब्रेक त्यांनी असा काही दाबला, की पुढच्या सीटवरचा माणूस दचकून मागे वळला. मास्तरीणबाई पोस्टात. परक्या देशांची तिकिटं लावून आलेल्या पत्रांवर शिक्के मारण्यात उभा जन्म गेला. त्या तिकिटांतलं एखादं गाव डोळ्यांनी बघावं, एवढीच त्यांची हौस.

"अहो, पण टूरबरोबर आलो असतो तर..."

"टूरबरोबर मेंढरं जातात!"

झालं! हॉटेलात पोचले, तर खोली संध्याकाळशिवाय मिळणार नाही म्हणे. बॅगा तिथेच टाकून दोघं बाहेर पडली. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता, त्यामुळे सगळं गाव कसं पाण्याखाली असल्यासारखं हलत होतं. पिवळ्या भिंतींवरून ऊन मधासारखं ओघळत होतं. खिडक्यांतले पडदे फुगायचे, बसायचे, जणू घरं दुपारची झोप घेत होती. चालताना पाय जमिनीला लागतायत की नाही, हेही कळेना.

रस्त्यांच्या तोंडावरून मास्तरांना काहीही कळलं नाही. चार वळणं घेऊन ते एका उघड्या फाटकापाशी थांबले. फाटकावर पाटी, पाटीवर आतल्याच घराचा फोटो, खाली मोठमोठी अगम्य अक्षरं.

"म्युझियम!" मास्तर म्हणाले. "बोललो नव्हतो तुला?"

दारात एक पांढऱ्या केसांच्या आजी उभ्या होत्या. अंगात कडक इस्त्रीचा झगा, चेहरा मात्र तोंडी परीक्षेला बसल्यासारखा. पाहुण्यांना बघून त्या गडबडल्या, मग मान लववून बाजूला झाल्या. मास्तरांनी तिकिटासाठी पाकीट काढलं, तर आजींनी घाईघाईनं ते परत खिशात घालायला लावलं.

"फुकट आहे! चल!"

आजी एकेक खोली दाखवू लागल्या. घड्याळाचा लंबक, खिडकीतली आरामखुर्ची, दाराच्या चौकटीवर कुणा पोराची उंची मोजलेल्या रेघा. प्रत्येक वस्तूवरून हात फिरवत त्या हलक्या आवाजात काही तरी सांगत. मास्तर जाणकारासारखी मान डोलवत.

"अहो, त्यांचे डोळे भरून आलेत."

"रोज रोज तोच इतिहास सांगायचा म्हटल्यावर येणारच!"

न्हाणीघरात बेसिनजवळ एका पेल्यात दातांची कवळी होती. मास्तर वाकून, हात मागे बांधून बघत राहिले. "राजघराण्यातली दिसतेय."

"पाण्यात?"

"जुन्या वस्तू पाण्यातच टिकतात!"

हे ऐकून, न समजताही, आजींनी लगबगीनं पेला पदराआड करावा तसा झग्याआड केला आणि त्या आत पळाल्या. परत आल्या त्या भरल्या तोंडानं हसत.

"अहो! राजाचे दात..."

"श्श! वास आला का? इथे कँटीनही आहे!"

स्वयंपाकघरात एकाच माणसाचं पान मांडलेलं होतं. मास्तरांनी बोटं ओठांपाशी नेली आणि पोटावरून हात फिरवला. आजी क्षणभर बघतच राहिल्या. मग दोन ताटल्या आणखी आल्या, आणि त्यांच्यामागून वाफाळतं सूप, पाव, लोणी, खरपूस भाजलेले बटाटे! मास्तरीणबाईंनी पहिला घास घेतला आणि डोळेच मिटले. "काय हो चव तुमच्या हाताला!" त्या मराठीत म्हणाल्या. आजी त्यांच्या भाषेत काही तरी बोलल्या. मग दोघी आपापल्या भाषेत बोलतच राहिल्या, आणि कुणाचं काहीएक अडलं नाही.

वरच्या मजल्यावर झोपायची खोली. खिडकीला झाड टेकलेलं, पानांतून गाळून आलेला हिरवा उजेड, आणि मधोमध ढगासारखा पलंग. मास्तरीणबाई त्यावर बसल्या. मग कलंडल्या.

"अगं, ऊठ! ऐतिहासिक पलंग आहे!"

"इतिहासातही माणसं झोपतच होती की..." एवढं बोलून त्या घोरू लागल्या.

बायकोला उठवायला म्हणून मास्तर कडेला टेकले, आणि पलंगानं त्यांना गिळलं. स्वप्नात ते पलंगालाच गाडी शिकवत होते. "क्लच सोड, हळू... शाब्बास!" पलंग कौलांवरून तरंगत निघाला. खाली गाव लखलखत होतं, आणि कुठेही सिग्नल नव्हता.

जाग आली ती आवाजांनी. दारात एक तरुण, त्याच्यामागे झकपक कपड्यांतलं एक जोडपं आणि सगळ्यांत मागे आजी. मास्तरांच्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला.

"व्हेरी गुड म्युझियम!" मास्तर म्हणाले.

त्यावर त्या झकपक बाईंनी काही तरी विचारलं. आजींनी उत्तर दिलं. जोडपं तरातरा जिना उतरून गेलं!

तरुण हा आजींचा मुलगा. त्याचं इंग्रजी मास्तरांच्या शिकाऊ पोरांसारखं, गचके खात चालणारं. त्यातून कळलं ते असं: घर विकायला काढलं होतं. वडील गेल्यापासून आई एकटी, म्हणून तो तिला स्वतःच्या फ्लॅटवर नेणार होता. नको म्हणत म्हणत ती एकदाची तयार झाली. आज गिऱ्हाईक येणार होतं, आणि आईला वाटलं, ते तुम्हीच!

मास्तरांनी कान पकडले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं! "पण त्या बाईंनी विचारलं काय?"

"विचारलं, हे दोघं घराबरोबरच मिळतात का?"

"मग?"

"आई म्हणाली, हो. आणि जेवायलाही घालावं लागतं."

आजी भिंतीला टेकून डोळे पुसत होत्या. हसून हसून त्यांना धाप लागली होती. मुलगा रागावायचं म्हणून रागावला होता खरा, पण आईकडे बघता बघता तो पलंगाच्या पायथ्याशी बसला. "बाबा गेल्यानंतर," तो हळूच म्हणाला, "ही आज पहिल्यांदा हसतेय."

आजी मास्तरीणबाईंचा हात धरून बरंच काही बोलल्या. मुलानं कान खाजवला, खिडकीबाहेर बघितलं, मग नाइलाजानं हसला.

"आई विचारतेय... उद्या दुसरे लोक घर बघायला येणार आहेत. तुम्ही परत झोपायला याल का?"

मास्तर तोंड उघडणार, तोच मास्तरीणबाई पुढे झाल्या. "किती वाजता?"

"अगं, आपण इथे गाव बघायला आलोय!"

"मग बघा की! डोळे मिटेपर्यंत दिसेल तेवढं बघायचं."